लोंबतं टोक

नवा फोन पहिल्यांदा वाजतो तेव्हा मला अजूनही नाचावंसं वाटतं. हे माझ्या वयाला शोभत नाही. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरतात, रॅकमागं घुसायचं म्हटलं की आधी मनाची तयारी करावी लागते. पण भिंतीतून वायरी ओढून, जॅक बसवून, सर्व्हरच्या हातापाया पडून झालं की टेबलावरचा तो मुका डबा अचानक वाजतो, आणि माझ्या पोटात काहीतरी टुणकन उडी मारतं. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं. एका अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क मी पहिल्यांदा एकटीनं उभं केलं त्या दिवसांबद्दल मी लिहिणार आहे. त्यात माझी जी शोभा झाली तीही लिहिणार आहे, झाकून ठेवणार नाही.

ऑफिस सोलापुरात, पूर्वभागात. खाली टॉवेलचे यंत्रमाग आणि वर ऑफिस. माग चालू असले की वरच्या टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. साठीचे, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, बाहेरच्या गिऱ्हाइकाशी हिंदी. लहानपणी वडिलांच्या हातमागावर बसलेले, पण आता "मी मागाला हात लावून वीस वर्षं झाली" असं अभिमानानं सांगायचे.

ते खोटं होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सर्व्हर कुठे ठेवायचा यावर बोलत आम्ही मागांच्या मधून चाललो होतो. चालता चालता अण्णा एका मागापाशी थांबले, माझ्याकडे बघत, वाक्य न तोडता, त्यांनी हात पुढं केला आणि तुटून लोंबणारा एक धागा दोन बोटांनी जोडून टाकला. डोळे माझ्यावर, तोंडात "एसी किती टनाचा लागेल?" मी चाटच पडले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कुटं? मी काय केलं?" त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी मूळची मोहोळची. दहा वर्षं एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवलं, मग एका नेटवर्कवाल्याच्या हाताखाली चार वर्षं शिड्या धरल्या. तो माझ्या कामाचं श्रेय स्वतः घ्यायचा आणि चुका माझ्या नावावर टाकायचा. एक दिवस मी शिडी तिथंच सोडली आणि निघून आले. राग माझ्या नाकावर असतो, घरचे सगळे सांगतात. त्या रागाच्या भरात मी स्वतःची कार्डं छापली, आणि अण्णांचं ऑफिस हे त्या कार्डावर मिळालेलं पहिलं काम.

जिना चढून वर आलं की पहिलं टेबल अक्कांचं. टेबलावर बटणांचा जुना बोर्ड, त्याच्यातून ऑफिसभर गेलेल्या तारा, आणि मागे अक्का. अठ्ठावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अक्कलकोटच्या, घरची भाषा कानडी, मराठी शाळेतली, तेलुगू इथं शिकलेल्या, हिंदी टेलिफोननं शिकवलेली. बाहेरून येणारा प्रत्येक फोन त्या घ्यायच्या आणि ज्याचा त्याला जोडून द्यायच्या. समोरचा नुसतं "हॅलो" म्हणाला की माणूस ओळखायच्या. त्याची बायको आजारी आहे का, त्याचा माल अडकलाय का, तो जेवलाय का, हेसुद्धा त्यांना त्या एका हॅलोत कळायचं.

मी पहिल्या दिवशी ड्रिल घेऊन जिना चढले तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"वायरवाली तूच का गं पोरी?"

"हो."

"जेवलीस का?"

जेवले नव्हते. त्यांनी डब्यातली कडक भाकरी मोडून अर्धी मला दिली, वर शेंगा चटणी. ती चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत मी त्यांच्या टेबलाखालून पहिली वायर ओढली.

अण्णांचा बेत पक्का होता. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसात फोन लावल्यावर त्यांनी ऐकलं होतं की एक बाई इंग्रजीतून बोलते आणि 'एक दाबा, दोन दाबा' सांगते. तसं त्यांना हवं होतं. फोन इंटरनेटवरून येणार, सर्व्हर तो उचलणार, रेकॉर्ड केलेली बाई बोलणार, आणि फोन आपोआप ज्याच्या त्याच्या टेबलावर जाणार. कागदावर त्यांनी अकरा टेबलं काढून दिली. त्यात जिन्याजवळचं टेबल नव्हतं.

"आणि अक्का?" मी विचारलं.

"अक्कांना दिवाळीपासनं आराम," अण्णा मोठ्यानं, अगदी प्रेमानं म्हणाले. "लई वर्षं केलं त्यांनी."

अक्का चार हातांवर बसलेल्या. बोर्डावरचा एक दिवा लागला, त्यांनी तो फोन घेतला, जोडून दिला, आणि टेबलावर नसलेली धूळ पदरानं पुसली.

दुपारी डबा उघडल्यावर त्या मला म्हणाल्या, "पोरी, आराम म्हणजे करायचं काय असतं गं?"

"झोपायचं, टीव्ही बघायचा."

"टीव्ही भावजयीचा हाय. पगाराचं सोड, भाऊ काय मला उपाशी ठेवणार न्हाई. पण तितं मला विचारतंय कोण? हितं दिवसातनं शंभर माणसं मला हॅलो म्हणतात की."

मी मान खाली घालून भाकरी चावत राहिले. खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही. माझं पहिलं काम होतं. मला त्या दिवसांत माणसं धड दिसतच नव्हती, नुसते लुकलुकणारे दिवे दिसत होते.

आणि काय दिवस होते ते! सकाळी उठले की कधी एकदा जाते असं व्हायचं. जुन्या स्टोअरच्या खोलीत, जिथं आधी सुताचे रिकामे बॉबिन पडायचे, तिथं मी रॅक उभा केला. त्यात खाली यूपीएस, मध्ये सर्व्हर, वर स्विच. स्विच म्हणजे ओळीनं भोकं असलेली पेटी. प्रत्येक भोकात एक वायर आणि प्रत्येक वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक फोन किंवा एक कॉम्प्युटर. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या, आणि त्या ठरलेल्या क्रमानंच जॅकमध्ये बसवाव्या लागतात. क्लासमधल्या पोरांना तो क्रम पाठ व्हायला आठवडा लागायचा. अण्णा माझ्याशेजारी स्टूल टाकून बसले, मला एकदा करताना पाहिलं, आणि म्हणाले, "नारिंगीपांढरा, नारिंगी, हिरवापांढरा, निळा, निळापांढरा, हिरवा, तपकिरीपांढरा, तपकिरी. हे तर लई सोपं किनारीचं डिझाइन आहे." मग त्यांनी माझ्या हातातून पक्कड घेतली आणि तीन जॅक असे बसवले की माझ्या जॅकांची मला लाज वाटली.

ज्या दिवशी अकराच्या अकरा फोन चालू झाले त्या दिवशी ऑफिसात कुणीही काम केलं नाही. हेड क्लार्कनं समोरच्या टेबलावरच्या माणसाला फोन लावला. दोघं एकमेकांकडं बघत, हातभर अंतरावरून, रिसीव्हरमध्ये ओरडत होते. "ऐकू येतंय का बे?" "येतंय की! तुला?" डिस्पॅचवाल्यानं फोन कॉन्फरन्सला टाकला आणि सहा जणांनी एकाच वेळी हॅलो म्हणायला सुरुवात केली. खाली मागांच्या खोलीतल्या फोनवरून अण्णा स्वतः वर बोलले. खटाखट खटाखट आवाजातून त्यांचा आवाज आला, "वर चहा पाठवा!", आणि वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमुकला एकशे एक नंबर का आणि मला एकशे चार का, यावर हेड क्लार्क माझ्याशी भांडला. मी एकटी शिडीवर बसून खो खो हसत होते. एवढी माणसं माझ्यामुळं वेडी झालीत, या विचारानं मला आकाश ठेंगणं झालं होतं.

अक्कांनी त्या दिवशी ती रेकॉर्डची बाई पहिल्यांदा ऐकली. मी माझ्या मोबाइलवरून फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. मान तिरकी करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बाई चांगली बोलती," त्या म्हणाल्या. "पण श्वास कुटं घेती?"

उद्घाटन गुरुवारी ठरलं. आदल्या संध्याकाळी मी अक्कांचा बटणांचा बोर्ड उतरवला. अकरा वाजता दुबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा होता. त्यांच्या हॉटेलांना टॉवेल द्यायचं काम होतं आणि अण्णा महिनाभर त्याच्याच गप्पा मारत होते. तो पहिला फोन नव्या मशीनवर घ्यायचा असा त्यांचा हट्ट. त्याआधी रॅकची पूजा. आमच्याकडं नव्या मागाला हळदकुंकू लागल्याशिवाय तो सुरू करत नाहीत, मग सर्व्हरनं काय घोडं मारलंय, असं ते म्हणाले. मला पटलं. फक्त नारळ बाहेर फोडा आणि पाणी शिंपडू नका, एवढं मी हात जोडून सांगितलं.

स्टोअरची किल्ली अक्कांच्या जुडग्यात. त्यांनी कुलूप उघडलं, ताट आत नेऊन ठेवलं, झेंडूची माळ रॅकला घातली आणि बाहेर आल्या. मग अण्णा एकटे आत गेले, पूजा केली, बाहेर आले. अक्कांनी परत जाऊन ताट आणलं आणि कुलूप लावलं. आम्ही सगळे हॉलमध्ये पेढे खात होतो. मी दोन खाल्ले.

पावणेअकराला मी सहज एक फेरी मारावी म्हणून अक्कांकडून कुलूप उघडून घेऊन स्टोअरमध्ये गेले. स्विचचे सगळेच्या सगळे दिवे एकदम लुकलुकत होते, न थांबता, वेड्यासारखे. आणि मला, चार वर्षं शिड्या धरलेल्या बाईला, काय वाटावं? मला वाटलं, वा, काय उत्साह आहे! माळ घातलेला तो रॅक दिवाळीसारखा दिसत होता. मी मोबाइलवर त्याचा फोटोसुद्धा काढला.

फोटो काढून बाहेर आले तर हेड क्लार्क रिसीव्हर झटकत होता. त्याचा फोन मेला होता. मग डिस्पॅचचा. मग अण्णांचा. अकराच्या अकरा फोनांच्या पडद्यावर एकच ओळ, सेवा उपलब्ध नाही. कॉम्प्युटरही बंद पडल्यासारखे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी सर्व्हर बंद करून चालू केला. तेच. इंटरनेटवाल्याला मोबाइलवरून झापलं. त्यानं सांगितलं की त्याच्याकडनं सगळं ठीक आहे. त्याला दुसऱ्यांदा झापलं. अण्णा दारात येऊन उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा भिंतीवर बघू लागले. घड्याळात अकरा वाजले. अकरा पाच झाले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

आणि फोन वाजला.

नव्या फोनांची नाजूक धून नव्हती ती. खरी घंटा, जुनी, कर्कश, ट्रिंऽग ट्रिंऽग. आवाज जिन्याजवळून येत होता. सगळे वळले. अक्का वाकल्या, टेबलाखालची डब्याची पिशवी बाजूला केली, तिच्यामागून काळा जुना फोन काढला, टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि रिसीव्हर उचलला.

"नमस्कार. हां जी... हां, पहचाना ना, आपका गला बैठा हुआ है, क्या हुआ? ... हां, नया मशीन बैठा रहे हैं, आज जरा तमाशा है. एक मिनट, देती हूं."

दुबईचं गिऱ्हाईक. त्यांच्या माणसाकडं अक्कांचा जुना नंबर कैक वर्षांपासून होता. नवा लागेना म्हणून त्यानं जुना लावला. अण्णा त्या छोट्या तारेला बांधलेले, अक्कांच्या खुर्चीत बसून, पंचवीस मिनिटं बोलले. ठेवल्यावर त्यांचा चेहरा खुलला होता. सँपल पाठवायचं ठरलं होतं.

आता माझं काय झालं ते ऐका. मी हायसं वाटून घ्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. ती जुनी लाइन बंद करायचा अर्ज मी पंधरा दिवसांपूर्वी अक्कांच्याच हातात दिला होता. त्यांनी तो पाठवलाच नव्हता. वर फोन पिशवीमागं लपवून ठेवला. का? मी तशीच पाय आपटत स्टोअरमध्ये गेले आणि एकेक वायर हातानं चाचपायला लागले. सातवी की आठवी, पिवळी. तिचं एक टोक स्विचमध्ये, ते मीच घातलं होतं. दुसरं टोक मी माझ्या लॅपटॉपसाठी मोकळं सोडलं होतं. ते मोकळं नव्हतं. तेही त्याच स्विचच्या एका रिकाम्या भोकात नीट, कट्कन आवाज येईपर्यंत, बसवलेलं होतं.

एका वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये घातली की निरोप बाहेर जातच नाही. तो गोल गोल फिरत राहतो, दर फेरीला दुप्पट होतो, आणि बघता बघता इतकी गर्दी होते की दुसऱ्या कुणाला हलायला जागा उरत नाही. मी टोक उपटलं. क्षणात दिवे शांत झाले, आणि हॉलमधून एकामागून एक फोन जागे झाल्याचे आवाज आले. मी हातातल्या जॅककडं पाहिलं. पारदर्शक प्लास्टिकवर कुंकवाचा लाल ठसा होता.

ताट अक्कांनी नेलं होतं. ताट अक्कांनी आणलं होतं. किल्ली अक्कांकडं होती. आणि दिवाळीनंतर घरी बसायचं होतं तेही अक्कांनाच.

मी ती वायर हातात धरून हॉलमध्ये आले आणि सगळ्यांसमोर बोलले. आज ते आठवलं तरी कान तापतात. "अक्का, तुम्हाला हे नको होतं तर तोंडानं सांगायचं. हे असं कशाला करायचं? माझं पहिलं काम आहे हो. मी तुमच्या ताटातलं खाल्लंय आणि तुम्ही माझंच ताट उलटं केलंत!"

अक्का उभ्या राहिल्या. त्यांनी वायरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. कमरेचा जुडगा काढला, त्यातली स्टोअरची किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली.

"ती पिवळी वायर का?" मागून अण्णांचा आवाज आला. "ती मी लावली की."

मी वळले.

"लोंबायली होती," अण्णा म्हणाले. "पूजा करायलो तर नजर सारखी तिकडंच जायली. मोकळं टोक सोडून कोण मशीन चालू करतंय? शेजारी भोक रिकामं होतं, घातलं." मग आमच्या सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना शंका आली. "का? घालायचं नव्हतं काय?"

त्यांनी हात वर केला. अंगठा अजून लाल होता.

वीस वर्षं मागाला हात न लावलेला माणूस! आधी डिस्पॅचवाला फुटला, मग हेड क्लार्क, मग अण्णा स्वतःच कपाळावर हात मारून हसायला लागले आणि कपाळभर कुंकू झालं, त्यामुळं परत सगळे हसले. खुर्च्या वाजल्या, कुणीतरी पेढ्यांचा पुडा पुन्हा फिरवला. त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा हशा होता तो, आणि मी त्यात सामील होऊ शकले नाही. कारण चूक निम्मी अण्णांची आणि निम्मी माझी होती. असा गोल फेरा झाला तर आपोआप तोडायची सोय त्या स्विचमध्ये असते. त्याच्या सेटिंगमध्ये एक टिक करायची असते. ती मी 'नंतर करू' म्हणून ठेवली होती. टोक मीच लोंबतं सोडलं होतं. अक्कांनी काहीच केलं नव्हतं, दिवस तेवढा वाचवला होता.

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. "अक्का, चुकलं माझं. मला बोलायचा काही अधिकार नव्हता."

"असू द्या मॅडम," अक्का म्हणाल्या.

मॅडम. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं.

अण्णा जवळ आले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते त्यांच्या कुठल्याच भाषेत बसत नव्हतं. शेवटी म्हणाले, "अक्का, ते आरामाचं... राहू दे आता. तुमची खुर्ची हाय तितंच राहू दे."

"खुर्ची राहील," अक्का म्हणाल्या. "पण आधी त्या बाईला गप करा."

रेकॉर्डच्या बाईला मी त्याच दुपारी गप केलं. इतक्या आनंदानं मी आजवर काही पुसलेलं नाही. बारावा फोन मी स्वतः जाऊन आणला, सगळ्यांत मोठा, बटणांच्या दोन रांगांचा, आणि जिन्याजवळच्या टेबलावर लावला. बाहेरचा प्रत्येक फोन आता आधी तिथं वाजणार होता. त्याला नंबर दिला शून्य. एकशे चारवाल्या हेड क्लार्कनं यावरही तक्रार केली. अक्कांना शिकवायला मी दोन दिवस राखून ठेवले होते; त्या तासाभरात शिकल्या, आणि फोन जोडून देताना आधी ऑफिसातल्या माणसाच्या कानात "आज रागात हाय, हळू बोल" असं सांगायची सोय त्यांनी माझ्याआधी शोधून काढली. जुना काळा फोन पिशवीमागंच राहिला. त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.

काम संपलं, अण्णांनी माझं कार्ड चार ठिकाणी दिलं, मला एकामागून एक कामं मिळत गेली. अण्णांकडं महिन्यातून एकदा मशीन बघायला मी जायचे. अक्का व्यवस्थित बोलायच्या. "या मॅडम. बसा मॅडम. सगळं ठीक आहे मॅडम." डबा उघडायची वेळ झाली की त्या भिंतीकडं तोंड करून तो उघडायच्या. जेवलीस का, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी एकदा मुद्दाम डबा न नेता दुपारी एकला गेले. त्यांनी चहा मागवला, कपबशीत, पाहुण्यांना देतात तसा.

त्यानंतर काही महिन्यांनी अक्कलकोटला एका भक्तनिवासाचं काम निघालं. छोटंसंच, सहा फोन. सकाळपासून मी एका अंधाऱ्या कपाटात वाकून बसले होते. स्विचमधली ती टिक मी सर्वांत आधी केली होती, आणि एकही टोक लोंबतं ठेवलं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला पहिला फोन चालू झाला. पोटातली ती नेहमीची उडी झाली. बाहेर फोन जातोय का हे बघायचं होतं, आणि बोटांनी जो नंबर आपोआप दाबला तो अण्णांच्या ऑफिसचा होता. मी लावत होते तो फोन नवा, त्याचा नंबर तिकडं अनोळखी. कोण बोलतंय हे पलीकडं कळायला काही मार्ग नव्हता.

"हॅलो," मी म्हटलं. एवढंच.

पलीकडं मागांची खटखट ऐकू आली.

"आवाज असा का गं पोरी?" अक्का म्हणाल्या. "जेवली न्हाईस व्हय?"

"नाही अक्का," मी कसंबसं म्हटलं. "तुमच्याच गावात आहे. फोन लागतोय का ते बघत होते."

"लागलाय की. जा, आधी जेव," त्या म्हणाल्या आणि दुसरा फोन वाजत होता म्हणून त्यांनी ठेवला.

मी कपाटातून बाहेर आले, पक्कड खिशात टाकली आणि जेवायला गेले.